दालेलखानला पायी पाठवायचं नाही

माझा थोरला भाऊ दालेलखान याला चालणं म्हणजे अपमान वाटायचा. विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी हा खोगीर घालून पाण्याला जाणार. संडास अंगणाच्या टोकाला, तर तिथंही घोड्यावरून. लहानपणी डाव्या पायाचं हाड मोडलं आणि ते वाकडंच सांधलं, हे एक कारण झालं. पण खरं सांगायचं तर पाय धडधाकट असता तरी तो चालला नसता. ‘देवानं चार पाय दिलेत, मग आपले दोन कशाला झिजवायचे?’ म्हणायचा. जमिनीवर तो बदकासारखा डुलत चालायचा आणि आम्ही पोरं मागं नकला करायचो. पण बदामीवर बसला की अख्ख्या खोऱ्यात त्याच्यासारखा देखणा माणूस नव्हता. हे मी त्याचा सख्खा धाकटा भाऊ सांगतोय, आणि त्याचं कौतुक करायची मला मुळीच सवय नव्हती.

बदामी म्हणजे त्याचा घोडा. आमच्यात घोड्याला नाव ठेवत नाहीत, रंगानंच हाक मारतात. दालेलखाननं त्याला शिंगरू असल्यापासून वाढवलं, शिकवलं, आणि पुढं दोघांची खोड इतकी एक झाली की रागावले तरी दोघंही नाकातूनच फुरफुरायचे.

गेल्या वर्षी डोंगरावरनं कळप खाली उतरायच्या दिवसांत दालेलखान झोपेतच गेला. मयतीच्या दिवशी मीच कात्री घेतली आणि बदामीची आयाळ आणि शेपटी कातरली. त्या दिवसापासून बदामी ‘तुल’ झाला. ज्याचा धनी गेला तो तुल. घोड्यालाही हाच शब्द आणि बाईलाही हाच. तुल घोड्याच्या पाठीवर वर्षभर कोणी बसायचं नाही. त्यानं चरायचं, अंगानं भरायचं, आणि वर्षाच्या जेवणाला त्याला कापायचं. सगळं खोरं जेवतं आणि गेलेल्याला त्याचा घोडा पोचतो. तो मग तिकडं पायी हिंडत नाही.

कम्युनिस्ट पक्षाचं राज्य होतं तेव्हा हे सगळं बंद होतं. आमचा बाप त्याच काळात गेला. त्याचा घोडा सरकारी कळपात जमा झाला आणि बाप पायी गेला. दालेलखानला हे जन्मभर खुपत राहिलं. शेवटच्या उन्हाळ्यात तो आमच्या वहिनीला, कुल्पाशला, म्हणाला होता, ‘मला पायी पाठवू नकोस हं.’ वहिनीनं शब्द दिला. ती शब्द देते तेव्हा फार बोलत नाही, नुसती मान हलवते. तशी तिनं हलवली.

वर्षभर तिनं बदामीला जीव लावला. मीठ स्वतःच्या हातानं चाटवायची, अंगाला चिकटलेले काटे काढायची, आणि मी कुंपणापाशी दिसलो की मला ऐकू जाईल असं त्याला म्हणायची, "बघ बाबा, एका घरात दोन तुल. एक खाऊन फुगतोय आणि एक रडून वाळतेय."

"वाळलीस कुठं?" मी म्हणायचो. "कुंपणाचा खांब झाकला गेलाय तुझ्यामागं."

"भाऊजी, तुमची जीभ मेली की तिचंही वर्षाचं जेवण घालीन मी."

आमचा मुल्ला तरुण आहे आणि स्वभावानं गरीब. त्यानं एकदा सांगून बघितलं, की मेलेल्या माणसाला घोडा लागत नाही, दुवा लागते. वहिनी म्हणाली, "तुम्ही दुवा पाठवा. घोडा मी पाठवते. दोन्ही पोचलं तर बिघडलं काय?" मुल्लानं चहा पिऊन घेतला आणि गेला.

जेवण तोंडावर आलं तसा माझा पुतण्या अरदक राजधानीहून आला. तिकडं तो गाड्या दुरुस्त करतो. मिशी फुटली तेव्हा गेला तो आता केस पिकायला लागलेत. भाड्याच्या गाडीत हाडं खिळखिळी करून उतरला तो आईला भेटायच्या आधी थेट गोठ्यात. बदामीनं त्याच्या काखेत तोंड खुपसलं. अरदक कितीतरी वेळ तिथंच उभा होता. मी लांबून पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, आता हा बोलणार.

बोललाच. चहाची वाटी हातात पडायच्या आत म्हणाला, "काका, ह्याला कापू नका."

"मग काय मांडीवर घेऊन थोपटायचं?"

"बाबांची एवढीच तर आठवण उरलीय. राहू द्या की त्याला. म्हातारा होईल, मरेल आपोआप."

"आपोआप!" मी वाटी खाली ठेवली. ह्या शब्दाची मला चीडच आहे. "आपोआप कसा मरतो घोडा, पाहिलंस कधी? आधी दात झिजतात. गवत तोंडात घोळतं पण पोटात जात नाही. पहिला बर्फ पडेस्तोवर फासळ्या मोजून घ्याव्यात. मग एक दिवस बसतो तो उठत नाही. लांडगा वाट बघत बसत नाही बाबा, घोडा मेल्यावर जेवू म्हणून. मागच्या बाजूनं सुरू करतो. माझ्या सासऱ्यानं म्हाताऱ्या घोडीवर असंच प्रेम केलं. सुरी लावणार नाही म्हणाला, मोकळी सोडली. आम्हाला ती सापडली तेव्हा अर्धी होती, आणि डोकं वर करून बघत होती. सासरा दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. दया केली होती ना त्यानं!"

"पण बदामी म्हातारा नाही."

"आज नाही."

अरदक आईकडं वळला. "आई, माझी लेक रडली गं फोनवर. भिंतीवर घोड्यांची चित्रं लावलीत तिनं. मला म्हणते, घोडा दोस्त असतो, दोस्ताला कोणी खातं का. मला उत्तर आलं नाही."

वहिनी कणीक लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. "मेंढीचे मोमो खाते का ती?"

"खाते की."

"त्या मेंढीचं कोण लागत होतं तिला? कुठं चरली, कोणी मारली, मरताना तिच्या मानेवर कोणाचा हात होता का, विचारलं तिनं?"

"पिशवीतून आणतो आम्ही, आई."

"तेच सांगतेय. मला पिशवीतलं घशाखाली उतरत नाही. मी ओळखीचं खाते. ज्याची आई मला ठाऊक, ज्याला मी मीठ चाटवलं, जो कसा जगला आणि कसा गेला ते मी डोळ्यांनी पाहिलं, त्याचंच मला पचतं. दोस्त आहे म्हणून तर दुसऱ्याच्या दातांखाली जाऊ द्यायचा नाही. सांग तुझ्या लेकीला. आत्ता नाही कळलं तर नंतर कळेल." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "आणि ह्यांना शब्द दिलाय मी. पायी पाठवणार नाही म्हणून."

अरदकनं वाटीतला चहा संपवला. पोरगा हट्टी आहे, पण बापासारखाच, एकदा पटलं की फाटे फोडत नाही. "बरं," तो म्हणाला. "मग दोर मी धरेन."

मला बरं वाटलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि घरी जाऊन निवांत झोपलो.

घोडं अडलं ते दुसऱ्या दिवशी.

सकाळी मी सुऱ्या परजत अंगणात बसलो होतो. नदीच्या बाजूनं टापा ऐकू आल्या. मान वर केली तर बदामी, आणि त्याच्यावर अरदक. खाली दालेलखानचं खोगीर, जे वर्षभर भिंतीवर टांगलेलं होतं. पोराचा चेहरा थंडीनं लाल झालेला, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"काका! तीच दुडकी चाल हो बाबांची! लहानपणी पुढ्यात बसवून न्यायचे ना मला, अगदी तीच! म्हटलं एकदा शेवटचं बसून घ्यावं, निरोप घ्यावा..."

वहिनी किटली घेऊन दारात आली होती. तिनं बदामीकडं बघितलं, खोगिराकडं बघितलं.

"उतर," ती म्हणाली. रागावून नाही. पोराला झाडावरनं उतरवतात तशी.

तो उतरला. त्याचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. वहिनीनं किटली खाली ठेवली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

मग मी त्याला सांगितलं. तुलवर कोणी बसला की तो तुल राहत नाही. त्यानं दुसऱ्याला पाठ दिली. आमच्या रीतीत बदामीनं दुसरा धनी केला म्हणायचा. आता त्याला कापला तरी तो दालेलखानला पोचायचा नाही, नुसतं मटण होईल.

"मला कोणी सांगितलंच नाही," अरदक म्हणाला.

खरं होतं. कोणीच सांगितलं नव्हतं. त्याच्या लहानपणी ही रीत बंद होती, त्यानं ती कधी पाहिलीच नाही. आणि आम्हाला वाटलं, ह्यात काय सांगायचं? सूर्य कुठल्या बाजूला उगवतो हे घरच्या पोराला कोणी सांगत बसतं का? त्यानं भांडण केलं असतं, रात्रीत घोडा पळवला असता, तर मला शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यानं प्रेमानं घाण केली. त्याला काय बोलणार?

मी तडक मुल्लाकडं गेलो. एरवी त्याच्याकडं सल्ल्याला जाणारा मी नव्हे, पण गरज पडली की गाढवाचेही पाय धरतो माणूस. मुल्ला बिचारा मनापासून म्हणाला, "काका, मुलगा बापाच्या घोड्यावर बसला, ह्यात देवाचा काही राग नाही. खुशाल कापा. चालेल."

मी धावत परत आलो आणि बंद दारातून ओरडलो, "वहिनी, मुल्ला म्हणतो देवाला चालेल!"

आतून आवाज आला, "देवाला चालेल हो. पण चालायचं ह्यांना आहे."

मी दाराला टेकून बसलो. मला त्या क्षणी माझा भाऊ दिसला, वाकड्या पायानं डुलत, कुठल्यातरी न संपणाऱ्या माळावर, आणि त्याच्या पुढं आमचा बाप, तोही पायीच. मला हसू यायला हवं होतं. रडू आलं.

अरदक समोर मातीत बसला होता. "मी दुसरा घोडा विकत आणतो, आई."

दार उघडलं. वहिनीचे डोळे सुजलेले होते पण जीभ शाबूत होती. "अनोळखी घोडा? ह्यांनी आता ह्या वयात तिकडं जाऊन घोडा शिकवत बसायचं?"

"माझा घे," मी म्हणालो. "दालेलखान कितीदा बसलाय त्याच्यावर."

"भाऊजी, तुमचा घोडा तुमच्यावर गेलाय. अडेल आहे. ह्यांनी आयुष्यभर एका अडेलाशी वाद घातला, तेवढा पुरे."

ती आमच्यामधून वाट काढत अंगणात गेली. तिच्या हातात कात्री होती, ती मला तेव्हा दिसली. गोठ्याच्या पलीकडं तिची स्वतःची करडी घोडी उभी होती. मऊ चालीची, शहाणी घोडी. दालेलखाननं ती बायकोसाठी म्हणून शिकवलेली, आणि बायकोच्या हाती द्यायच्या आधी स्वतः कित्येक महिने वापरलेली. वहिनी तिच्यावर बसून माहेरी जायची, बाजारात जायची, लग्नांना जायची, आणि वाटेत कोणी शर्यत लावली तर जिंकायची.

"वहिनी, थांब," मी म्हणालो. "ती तुल कुठाय? वर्ष पाळावं लागतं."

"पाळलंय तिनं." वहिनीनं करडीच्या मानेवर हात ठेवला. "हे गेले तेव्हापासून मी घर सोडलं नाही. तुल बाई हिंडत नाही. मग हिच्यावर कोण बसलं? मी बसले नाही म्हणजे कोणीच बसलं नाही. ही पण वर्षभर तुलच होती, भाऊजी. आपलं लक्ष नव्हतं."

बरोबर होतं. रीतीत कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

अरदक उठून आईच्या हातातली कात्री धरायला गेला. "आई, नको. माझ्या चुकीपायी तुझी घोडी नको. बदामीलाच कापा. कालपर्यंत मीच नको म्हणत होतो, आज मी सांगतो, कापा!"

"बदामी आता तुझा झाला," वहिनी म्हणाली. "त्यानं तुला पाठ दिली. आता दर उन्हाळ्याला यायचं आणि बसायचं त्याच्यावर. लेकीलाही आणायचं, तिला भिंतीवरचा घोडा पुरे झाला. आणि ऐक, त्याचे दात गेले की शहरात बसून रडायचं नाही. स्वतः यायचं आणि स्वतः काकाच्या पुढ्यात उभा करायचा. काका नसला तर स्वतः सुरी धरायची. लांडग्यावर सोडलास तर मी तिकडून येऊन कान उपटीन."

"येईन," अरदक म्हणाला. वहिनीनं कात्री चालवली. करडे केस तिच्या पायाशी पडले, आणि तिनं ते एकूण एक गोळा करून रुमालात बांधले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही करडीला कापलं. आयुष्यात किती जनावरं माझ्या हाताखालून गेली असतील, पण हात सवयीचा झाला तरी मन होत नाही. ज्याचं होतं त्यानं सुरी ठेवून द्यावी. अरदकनं म्हटल्याप्रमाणं दोर धरला. पाय बांधून, पश्चिमेकडं तोंड करून आम्ही तिला निजवली. ती झटापट करीना. मी तिच्या कानाशी वाकून आम्ही प्रत्येक जनावराला सांगतो ते सांगितलं, ‘तुझा गुन्हा नाही, पण आमच्याकडं दुसरं अन्न नाही.’ हे शब्द माझ्या आजोबानं बापाला दिले आणि बापानं मला. पण त्या दिवशी मला ते पुरेनात.

तेवढ्यात अरदक खाली वाकला आणि तिच्या दुसऱ्या कानात बोलला. मला ऐकू आलं. "बाबांना सांभाळ. उतारावर त्यांचा डावा पाय रिकिबीत टिकत नाही. तेवढं बघ."

मी देवाचं नाव घेतलं आणि हात चालवला. लगेच संपलं. मी तिथंच बसून लहान पोरासारखा रडलो, आणि मग उठून कातडं सोडवायला घेतलं, कारण पाव्हणे यायचे होते.

जेवण मोठं झालं. खालच्या वस्तीपासून वरच्या कुरणापर्यंतचे लोक आले. म्हाताऱ्यांपुढं मांड्यांची ताटं, जावयांना छातीचा भाग, पोरांना कान आणि मूत्रपिंडं, बायकांच्या घोळक्यात फासळीचं मांस भरलेली आतडी. कातडं माझ्याकडं, खुरं मुलांकडं, आणि डोकं स्वच्छ करून उंच खडकावर ठेवायला अलग काढलेलं. हाडावर चिकटलेलं सुद्धा काही वाया गेलं नाही. मुल्लानं दुवा मागितली, आणि आमच्या मुल्लाचा आवाज इतका चांगला आहे हे मला तेव्हा कळलं. तो दोनदा वाढून घेऊन जेवला तेही मी पाहिलं.

वहिनीनं शोकाचा काळा रुमाल सोडला आणि पांढरा बांधला. वर्ष संपलं होतं. मग ती ताट घेऊन अरदकच्या समोर येऊन बसली. तो अजून जेवला नव्हता. त्याच्यापुढचं मांस गार होऊन चरबी पांढरी पडली होती.

"खा."

"आई," तो म्हणाला, "एक विचारू? तुझी घोडी तर आता बाबांना गेली. मग तुझी वेळ आली की... तू कशी जाणार?"

मला वाटलं, ह्याला आत्ताच सुचायचं होतं हे? मी डोळ्यांनी त्याला दटावणार होतो. पण वहिनी मुळीच विचारात पडली नाही. हे सगळं तिनं कात्री उचलायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

"मी कशाला जाऊ? तेच येतील न्यायला. मी मागं बसेन," ती म्हणाली. "ह्या घरात पहिल्यांदा आले ते तरी कशी आले? माझा बाप देईना, तेव्हा ह्यांनी मला मागं बसवून पळवून आणलं. माझे तिन्ही भाऊ काठ्या घेऊन मागं लागले होते. इतकं जोरात आलो की माझा एक बूट नदीत पडला, आणि ह्यांनी थांबू दिलं नाही."

तिनं ताटातला मऊ तुकडा निवडला, सुरीनं बारीक केला आणि पोराच्या तोंडापाशी धरला.

"ह्या खेपेला मागं कोणी नसेल," ती म्हणाली. "सावकाश जाऊ."

अरदकनं आईच्या हातचा घास घेतला.